फाटकावर फोडलेला गडू

कुलदेवतेला आणि काशीविश्वेश्वराला वंदन करून, थोरल्या बहिणीच्या वर्षश्राद्धानिमित्त ही आठवण लिहितो.

आक्काने काशीहून आणलेला गंगेचा तांब्याचा गडू, तोंडाला कथलाचा डाख देऊन बंद केलेला, तिच्या निपाणीच्या देवघरात होता. असे गडू एरवी यात्रेहून परतल्यावर मावंद्याच्या जेवणाला फोडतात; हा तिने अंतकाळासाठी राखला होता. बेळगावच्या खाजगी रुग्णालयातून भाच्याचा फोन आला, “मामा, आई गंगा मागतीया. लौकर या.” तिच्या देवघरातला गडू पिशवीत घालून मी बस धरली.

पूर्वी त्या रुग्णालयाचा पहारेकरी केवळ भेटीची वेळ पाहत असे. दूरच्या शहरांत स्फोट झाले, तेव्हा सरकारी सूचनेवरून दारात धातू शोधणारी चौकट आली. पुढे धमक्या ईमेलने येऊ लागल्या. मालकांनी पिशव्या तपासणारे यंत्र बसवले. त्या आठवड्यात पुन्हा तशी धमकी आली होती आणि बंद भांड्यांना मज्जाव झाला होता. मला हे ठाऊक नव्हते.

यंत्राच्या पडद्यावर गडू काळा, भरीव दिसला.

“आप्पा, ह्यात काय हाय?” पहारेकऱ्याने विचारले.

“गंगा.”

“व्हय म्हनायला माझं काय जातंय? पर आतलं दिसंना. फोडून दावा, न्हायतर हितंच ठेवा.”

“हा रोग्याच्या उशाशी फोडायचा असतो.”

“उशाशी फुटलं तर माझी नोकरी जाईल की वो!”

मला राग आला नाही. काहीच आले नाही. डाख ही आमच्याकडे शुद्धतेची ग्वाही. तिथे शंका त्याचीच होती. गडू टेबलावर ठेवून मी हात जोडले, गंगेचे स्मरण केले. त्याने स्क्रूड्रायव्हरने डाख उचकटला.

“आता एक घोट पिऊन दावा. तसा नियमच हाय.”

मी तळहातावर घेऊन प्राशन केले. पाहतो तो, त्यानेही सवयीने उजवा हात पुढे केला होता. मी थोडे ओतले. तीर्थ घेऊन त्याने ओला हात टोपीवरूनच डोक्याला लावला.

“जावा आता, आप्पा. पळा.”

वर पोहोचलो तेव्हा आक्काचा श्वास चालू होता. भाच्याने तुळशीपत्राने ओठांत थेंब सोडले. काही आत गेले, काही गालावरून ओघळले. थोड्या वेळाने श्वास थांबला. मला रडू आले नाही. वर्ष झाले, अजून आलेले नाही.

वाचकहो, तुमच्या वडीलधाऱ्यांना शेवटचे पाणी आपल्या माणसांच्या हातून वेळेवर लाभो. तुमच्या घरादाराला ईश्वर अभय देवो.