नूकालम्माची मूठ

भीमिलीच्या कोळीवाड्यात नूकालम्माइतकं भाव करण्यात तरबेज दुसरं कुणी नव्हतं. सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की ती टोपलीभर मासळी घेई, ती डोक्यावर ठेवून गावातल्या चढाच्या गल्ल्या पालथ्या घाली आणि उन्हं डोक्यावर आली की परते. वय पंचावन्न. तीस वर्षं हाच क्रम.

तिला साखरेचा आजार निघाला आणि शेजारणींनी तिच्या ताटातलं एकेक उचलायला सुरुवात केली. एकीनं भात बंद केला, दुसरीनं केळं. तिसरी म्हणाली शेंगदाणे नको, चौथी म्हणाली तेल नको. नूकालम्मा तशी कुणाला भिणारी नव्हती. पण थोरल्या बहिणीचा पाय याच आजारात कापलेला तिनं डोळ्यांनी पाहिला होता. तिनं सगळ्यांचं ऐकलं. सकाळी पेलाभर पातळ नाचणीची अंबली, संध्याकाळी वाटीभर दुधी. बस्स. घरात माशाचं आंबट कालवण रटरटू लागलं की ती उठून बाहेर जाई.

वर्षभरात तपासणीचे आकडे उतरले. वजनही उतरलं, बारा किलो. चोळ्या खांद्यावरून घसरू लागल्या.

"अत्ता, दोन घास तरी खा," सासूला अत्ता म्हणणारी सून चिट्टी विनवायची. "लोक मला म्हणतात, सासूला उपाशी मारतेस."

"म्हणू देत. माझा रिपोर्ट बघून डॉक्टर खूश झाले, ते नाही बघत तू!"

डॉक्टरांनी कागद पाहिला होता. ती खाते काय, हे ना त्यांनी विचारलं, ना हिनं सांगितलं.

वैशाखातल्या एका सकाळी उशीर झाला म्हणून ती अंबलीही न पिता नुसती साखरेच्या आजारावरची गोळी घेऊन निघाली. नेहमीचं गिऱ्हाईक असलेल्या वरहालू टीचरच्या दारात बांगडे साफ करता करता तिचे हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम सुटला, शब्द अडखळू लागले. टीचरच्या नवऱ्याला हाच आजार होता. बाईंनी एका नजरेत ओळखलं आणि साखरेचं पाणी आणलं. नूकालम्मानं दातखीळ बसल्यागत तोंड मिटलं.

"साखर? मारताय का मला, टीचरम्मा?"

"नाही प्यालीस तर मरशील! आधी पी, मग भांड."

ती प्याली. दहा-पंधरा मिनिटांनी डोळ्यांवरचं धुकं सरलं आणि तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर "मांजरानं बांगडा नाही ना नेला?"

टीचर तिला रिक्षात घालून थेट आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथली नर्स सत्यवेणी वही उघडून बसली.

"काय काय खाता, अम्मा?"

"भात नाही. बटाटा नाही. आंबा तर वर्षभरात हुंगलासुद्धा नाही."

"काय खात नाही ते नाही विचारलं. खाता काय?"

नूकालम्मानं बोटांवर मोजलं: अंबली, दुधी. सांगण्यासारखं दोन वस्तूंपलीकडे काही नव्हतंच.

डॉक्टरांनी गोळी कमी केली. सत्यवेणीनं तिला समोर बसवून सांगितलं, "पोटात अन्न नाही आणि वर गोळी, मग चक्कर येणारच. साखर आटोक्यात ठेवायची आहे, अंग झिजवायचं नाहीये. ओझं घेऊन चढ चढता तुम्ही. भात खा, दर जेवणाला मूठभर. सोबत डाळ, पालेभाजी, दोन तुकडे मासळी. मधे एखादं अंडं, मूठभर शेंगदाणे. वेळ चुकवायची नाही."

"दीड मूठ भात चालेल?"

"एकच."

"टीचरम्मा दीड म्हणाल्या."

"मी कधी म्हटलं गं?" टीचर उखडल्या.

"बरं, एक. पण मूठ माझी, तुमची नव्हे. तुमची चिमणीएवढी आहे."

सत्यवेणीला हसू आवरेना.

पहिले काही दिवस प्रत्येक घास ती भीतभीतच गिळी. जेवून दोन तासांनी ती टीचरकडे जाऊन त्यांच्या मशीनवर बोट टोचून घेई. आकडा थोडा चढलेला असे, पण हाताबाहेर जात नसे. हळूहळू तिचा जीव थाऱ्यावर आला. पावसाळा संपेस्तोवर पाच किलो वजन परत आलं. तपासणीत साखर मागच्यापेक्षा किंचित जास्त निघाली, तेव्हा तिचा चेहरा पडला. डॉक्टर म्हणाले, "मागचा आकडा उपासाचा होता. हा जेवणाऱ्या माणसाचा आहे. मला हाच हवा."

आता ती साडेबाराला घरी येते आणि चिट्टीबरोबर जेवायला बसते. परवा कालवणात वंजरमचं, म्हणजे सुरमईचं, मोठं डोकं होतं.

"डोकं माझं," नूकालम्मा म्हणाली.

"वा! त्या दिवशीचं पण तुम्हीच खाल्लंत, अत्ता."

"तुला काय आजार आहे? मला नर्सनं सांगितलंय."

"नर्सनं दोन तुकडे सांगितलेत. डोकं धरून तीन होतात."

नूकालम्मानं एक तुकडा उचलून सुनेच्या ताटात टाकला आणि डोकं स्वतःकडे ओढलं.