ओसरीवर सांगितलेला अनुभव

वैद्यबुवा फी घेत नसत. नारळसुद्धा नाही. त्यांची अट एकच, आणि ती ते पहिल्या दिवशी नाडी सोडता सोडता सांगत: "गुण आला की महिन्यातून एका रविवारी ओसरीवर येऊन बसायचं. नव्या माणसाला आपला अनुभव सांगायचा."

पेठ रोडला, वस्ती संपून शेतं लागतात तिथे त्यांचं घर होतं. निवृत्त शिक्षक, माणूस अगदी सरळ. त्यांच्या ओसरीवर मी तीन वर्षं बसलो. तिथे मी सांगत होतो ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं आता लिहितो.

तिशी ओलांडली आणि मला आतड्याचा आजार जडला. रक्त पडायचं, दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागायचं. इंदिरानगरहून अंबडला कंपनीत जायला स्कूटरवर फार वेळ लागत नाही, पण तेवढ्या रस्त्यात कुठे थांबता येतं आणि कुठला पंपवाला कुरकुर न करता संडासाची किल्ली देतो, हे मला पाठ झालं होतं. दुर्बिणीची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आतून जखमा आहेत, गोळ्या घ्याव्या लागतील, बहुतेक जन्मभर. त्यातली एक छोटी पांढरी गोळी बोटावर धरून त्यांनी बजावलं, "ही आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही. मी हळूहळू उतरवत आणीन."

'जन्मभर' हा शब्द दादाच्या जिव्हारी लागला. आमचे वडील लवकर गेले. दादाने कॉलेज सोडून नोकरी धरली आणि मला डिप्लोमापर्यंत शिकवलं. तो म्हणाला, "जन्मभर गोळ्या म्हणजे काय, जन्मठेप आहे का? मुळावर घाव घालणारा कुणीतरी गाठू आपण."

मग गाठागाठी सुरू झाल्या. होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या झाल्या, त्यापायी कांदा-लसूण सुटला. पोटावर मातीची पट्टी ठेवून पडून राहिलो. कोरफडीचा रस झाला. गॅलरीत आठ ट्रे गव्हांकुर लावले, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय हो, शेती वर आणलीत वाटतं?" कंपनीतल्या एकाची बायको शक्तीची पावडर विकायची. डबा टेबलावर ठेवत ती म्हणाली, "माझ्या नणंदेचं पित्त गेलं याने. नणंद काही जात नाही." आम्ही हसलो आणि डबा घेतला. दर वेळी दादा विचारायचा, "फरक वाटतोय ना?" मी म्हणायचो, "थोडा वाटतोय." एवढ्या धावपळीनंतर त्याला नाही कसं म्हणायचं?

शेवटी वैद्यबुवा सापडले. त्यांनी कुड्याच्या सालीचा काढा दिला, बेलाचा मोरंबा, ताक. पोळी बंद, तिखट बंद, तळलेलं बंद, आणि इंग्रजी गोळ्या बंद. गोळ्यांची पाकिटं मी दादाच्या हातात दिली.

दहा दिवस कसेबसे काढले. अकराव्या दिवशी कंपनीच्या संडासात भिंतीला धरून उभा राहिलो, आणि तिथून रिक्षा करून थेट डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. पुन्हा चिठ्ठी लिहून दिली. त्या दिवसापासून गोळ्या कंपनीत, माझ्या मापं तपासायच्या गेजच्या पेटीत. मी क्वालिटीत होतो. पार्ट मापात बसला नाही की लाल खूण करून बाजूला काढायचा, हे माझं काम. त्याच पेटीतून मी दिवसातून तीनदा गोळी काढून खायचो, पाठमोरा होऊन.

दोन महिन्यांत रक्त थांबलं. काढाही चालू होताच, सकाळ-संध्याकाळ. त्याने काहीच झालं नसेल असं मी आजही म्हणत नाही. मला माहीत नाही. पण दादाने माझ्या ताटात पहिली पोळी वाढली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ," तो म्हणाला, "सांगत होतो ना!" त्या पोळीसमोर मी गोळ्यांचं नाव काढू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी ते आणखी अवघड झालं, आणि महिन्याने ओसरीवरचा पहिला रविवार आला.

बायकोला मात्र कळलं. धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात गोळ्यांचं रिकामं पाकीट निघालं. तिने ते माझ्यासमोर ठेवलं. "मी रोज पहाटे उठून हा काढा उकळते," ती म्हणाली, "तो कुणासाठी?" मी पाकीट मुठीत चुरगाळलं. मग तीच म्हणाली, "खा बाबा, खा. गोळ्या खा, काढा पण प्या. फक्त दादांना मी सांगणार नाही, ते तुम्हीच बघा."

ओसरीवर दादा माझ्या शेजारी बसायचा. मी कुठे अडखळलो की तो आठवण करून द्यायचा, "ते पंपाचं सांग की!" हळूहळू माझं सांगणं घोटून गुळगुळीत झालं. लोक कुठे हसतात, कुठे मान हलवतात, हे मला आधीच माहीत असायचं. चपला घालून उठून जावं असं प्रत्येक वेळी वाटे, आणि प्रत्येक वेळी मी पहिल्यापासून सुरुवात करी.

तिसऱ्या वर्षी मालेगावहून एक शिक्षिका आल्या, नवऱ्याबरोबर. हडकुळ्या, मांडीवर फाइलची पारदर्शक पिशवी. त्यांचा आजार तोच, गोळ्याही त्याच. ती पांढरी गोळी मी पिशवीच्या आरपार ओळखली. माझं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"भाऊ, गोळ्या तुम्ही हळूहळू कमी केल्या की एकदम?"

इतका नेमका प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. मी दादाकडे पाहिलं. दादा हसऱ्या तोंडाने माझ्याकडेच पाहत होता.

"एकदम," मी म्हणालो.

त्यांचा नवरा यंत्रमागावर मुकादम होता. तो पुढे वाकला. "खरं शे ना, भाऊ?"

"खरं."

आणि ते खरंच होतं. मी त्या एकदमच बंद केल्या होत्या. अकराव्या दिवशी काय झालं ते तेवढं गिळलं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तशी ती पोळी लाटता लाटता थांबली. "त्या बाईंना तरी सांगा हो. एक पत्र टाका." पत्र मी मनात पुष्कळदा लिहिलं.

पुढच्या महिन्यातल्या माझ्या रविवारी त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यात नवऱ्याने त्यांना जवळजवळ उचलून आणलं. वैद्यबुवांनी नाडी धरली आणि लगेच सोडली. "हे माझ्या हातातलं नाही. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलात न्या."

"पण ह्या भाऊले बरं वाटलं ना?" नवरा म्हणाला. माझ्याकडे बोट होतं.

वैद्यबुवांनी माझ्याकडे पाहिलं. "यांना कसं लागू पडलं, ते मलाही कळत नाही," ते म्हणाले, आणि थोडं थांबले. ती जागा त्यांनी माझ्यासाठीच मोकळी सोडली होती असं मला आज वाटतं. मी खाली चपलांकडे पाहत राहिलो.

त्या बाईंचं मोठं आतडं काढावं लागलं. पोटाला भोक, त्याला पिशवी. मी वॉर्डात गेलो तो सांगायचं ठरवूनच. पण माझ्या आधी त्याच बोलल्या. "माझंच पथ्य चुकलं, भाऊ. दिराच्या लग्नात दोन घास शेवभाजी खाल्ली होती." नवरा पायाशी उभा होता. "सांगितलं होतं हिला, तोंड आवर म्हणून." मी सफरचंदं टेबलावर ठेवली. निघताना त्यांनी कागदावर पत्ता लिहून दिला, मालेगावला आलात तर या म्हणून. तो मी गेजच्या पेटीत तळाशी ठेवला. ओसरीवर मात्र पुन्हा गेलो नाही. दादाला सांगितलं, रविवारी ओव्हरटाइम असतो.

नऊ वर्षं गेली. मग दादा गेला, हृदयाच्या झटक्याने. तेराव्यानंतरच्या रविवारी मी मालेगावची एसटी धरली. म्हणजे दादा असेपर्यंत माझी छाती झाली नाही, हेही इथे लिहून ठेवतो. त्याच्यापुढे खोटं ठरण्याची भीती मला त्या बाईंच्या आतड्याहून मोठी वाटली होती.

त्यांनी मला लगेच ओळखलं. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता, म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. चहा आला. मी कप हातात घेतला नाही. जे सांगायचं ते चार वाक्यांत सांगून टाकलं. तीन वर्षं ओसरीवर तासतासभर बोलणारा मी, मला पाचवं वाक्य सापडेना.

त्यांनी माझा चहा बशीने झाकून ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे ते शेवभाजीने झालं नव्हतं?"

"नाही."

"नऊ वर्षं झाली, भाऊ. घरात काहीही बिनसलं की ती शेवभाजी निघते. हिचा जिभेवर ताबा नाही, म्हणून हे असं झालं. पोरांनाही आता तेच वाटतं." त्यांचा आवाज चढला नाही. माफ केलं असंही त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी मागितलंही नाही. मी उठायला लागलो.

"बसा," त्या म्हणाल्या, वर्गात म्हणतात तशा. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. "अहो, बाहेर या. आईंनाही आणा."

नवरा आला. तो आता पुष्कळ म्हातारा दिसत होता. सासूबाई त्याचा हात धरून आल्या आणि माझ्यासमोर पलंगावर बसल्या.

"आता पहिल्यापासून सांगा," बाई म्हणाल्या. "ओसरीवर सांगायचात तसं."

मी सुरुवात केली. अकराव्या दिवसापर्यंत आलो, तेव्हा सासूबाई लेकाकडे वळल्या. "काय म्हनस तो?"

"आईंना कमी ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं सांगा."

"गोळ्या मी परत सुरू केल्या होत्या," मी मोठ्याने म्हणालो. "मी बरा झालो तेव्हा गोळ्या चालू होत्या. यांना मी ते सांगितलं नाही."

नवऱ्याने मान खाली घातली. बाई त्याच्याकडे पाहत होत्या, माझ्याकडे नव्हे.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.