जेवणाऱ्याला दिसणारी चूल

आमच्या मेसच्या स्वयंपाकघराला जेवणाऱ्यांच्या बाजूने एक खिडकी आहे. आज सोनं गाळायच्या कामाला आलेला एक नवा गलाई ताट घेऊन तिथेच उभा राहिला आणि भाकरी थापताना बघू लागला. मेसवाल्या मावशींनी खिडकी लावली नाही.

मला मागचा आठवडा आठवला. आठवीनंतर शाळा सोडून मी इकडे कोइमतूरला या मेसमध्ये कामाला आलो होतो. फुकट मिळालेल्या एका प्रोग्रॅममध्ये ‘भाकरी की चपाती’ एवढं जोडून मी मेसची डबे मागवायची वेबसाइट केली होती. त्या आठवड्यात तो प्रोग्रॅम मुळात लिहिणाऱ्याचा मेल आला: वेबसाइट वापरणाऱ्यांना तुम्ही बदललेला कोड मिळाला पाहिजे, प्रोग्रॅमच्या परवान्यात तशी अट लिहिलीय. मी तर प्रोग्रॅम कुणाला दिलाच नव्हता, लोक नुसते फोनवरून वापरत होते. तेवढ्यानंही कोड दाखवावा लागतो, हे मला कुठं ठाऊक! वाटलं, आता वेबसाइट बंद आणि माझं कामही गेलं.

“दाखव की मग,” माझ्याकडून मेल ऐकून मावशी म्हणाल्या. “चोरलंयस काय?”

“चोरलं नाही हो. पण आठवी शिकलेल्याचं काम, लोक हसतील.”

“माझ्या भाकरीला हसलं का कोण?”

मी पानाच्या तळाशी कोडची लिंक टाकली. मेल लिहिणाऱ्याचं उत्तर आलं, “आभार. एक चूक दिसली, दुरुस्त करून पाठवतोय.” किती दिवसांनी मी पोटभर जेवलो! ज्यानं फुकट दिलं, त्याचं मागणं एवढंच होतं, की जेवणाऱ्याला चूल दिसू दे.

“मावशी, तवा लई तापलाय बघा,” खिडकीतून तो गलाई म्हणाला.

मावशींनी गॅस बारीक केला.