तुटलेला नारू

आता आमच्या भागात नारू फारसा उरला नाही, म्हणून तो काय असतो ते आधी सांगतो. पायाला एक फोड येतो आणि निखारा ठेवल्यासारखी आग होते. फोड फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्यासारखं एक जनावर डोकावतं. हातभर लांब, कधी त्याहून जास्त. ते ओढून काढायचं नसतं. वरून पाणी सोडायचं, तुऱ्हाटीच्या बारीक काडीला त्याचं टोक गुंडाळायचं, दिवसाला दोन बोटं येईल तेवढं घ्यायचं आणि काडी तिथंच पायाला बांधून ठेवायची. उद्या पुन्हा दोन बोटं. असे पंधरा-वीस दिवस. घाई केली की नारू तुटतो. तुटला की उरलेला आत सरकतो, पाय सुजतो, पू धरतो आणि पाय कायमचा आखडूही शकतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं, कारण मी दवाखान्यात कंपौंडर होतो आणि असे शेकडो नारू मी गुंडाळले होते.

तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला. कागद नागपूरला जायचे आणि माणसं जबलपूर-सागरकडून बदलून यायची. आमचे डॉक्टर त्याच बाजूचे, हिंदी बोलणारे. माणूस सज्जन, पण वऱ्हाडी कानावर पडली की बिचारे माझ्या तोंडाकडे बघायचे. त्यामुळे रोग्याचं दुखणं डॉक्टरला आणि डॉक्टरचं औषध रोग्याला, दोन्ही माझ्याच तोंडून जायचं. मॅट्रिकला मी एकदा गचकलो होतो, तरी इंग्रजी बऱ्यापैकी होतं, म्हणून रजिस्टरही माझ्याच हाती. दवाखाना देऊळगाव राजाच्या बाजूला एका मोठ्या गावात होता. गावाचं नाव सांगत नाही. गावाचा काही दोष नव्हता.

दोन कोसांवर एक खेडं होतं. तिथले लोक बारवेचं पाणी पीत. पायऱ्या उतरून खाली जायचं, पोटरीभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. वैशाख लागला की आमच्या वरांड्यातले निम्मे नारूवाले त्याच खेड्याचे. त्यांतच ती आली. वय पंचविशीचं, अंगानं उंच, जिभेला धार. घोट्याच्या वर नारू निघालेला. सकाळी नवरा तिला आणि सासूला बैलगाडीतून सोडून जायचा. घरात कामाचे हात दोनच, नवऱ्याचे आणि तिचे, म्हणून पेरणीच्या आत पायावर उभं राहायचं हा तिचा एकच ध्यास. रोज विचारायची, “किती राह्यला हो भाऊ?” मी म्हणायचो, आत शिरून मोजून येऊ काय? तर म्हणायची, या ना मोजून, तुमाले दुसरं काम काय हाये. मला तिचं बोलणं आवडायचं. माझ्या नाकावर कायम राग, पण तिच्यावर मी कधी खेकसलो नव्हतो.

अकरा दिवस सगळं नीट चाललं. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं की उद्या बुलढाण्याहून इंग्रज सर्जनसाहेब तपासणीला येणार, तेव्हा बाटल्यांना नवी लेबलं लावा, भिंती झाडा आणि वरांड्यात गर्दी नको. नारू ओढून काढ असं काही ते म्हणाले नव्हते. ते माझ्याच डोक्यातलं. आधीच माझी धावपळ, त्यात चुन्याची बादली सांडली, त्यात झाडूवाल्याशी भांडण झालं. तशा तापलेल्या डोक्यानं मी तिच्या पायाशी बसलो.

त्या दिवशी नारू सहज येत होता. दोन बोटं आली, तीन आली, चार आली. वाटलं, हा आजच संपतो. उद्या एक रोगी कमी आणि ही पण सुटली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मग मध्येच तो अडला. नारू गुंडाळणाऱ्या कोणालाही कळतं की अडला म्हणजे थांबायचं, काडी बांधायची आणि उठायचं. मी एक हिसका दिला. काडी हलकी झाली आणि तिच्यावर तुटलेलं टोक लोंबायला लागलं.

तिचा पाय हलला नव्हता. ती दोन्ही हातांनी वरांड्याचा खांब धरून बसली होती, दगडासारखी. सासू थोडी पलीकडे तळहातावर तंबाखू मळत होती, तिचं लक्ष नव्हतं. तिनं मान वर करायच्या आत माझ्या तोंडून शब्द गेले.

“काऊन हलवला वं पाय?”

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! मी ते ओरडूनच म्हणालो, सगळ्या वरांड्याला ऐकू जाईल असं. सासू लगेच सुरू झाली की हिच्या अंगात पहिल्यापासूनच दम नाही, घडीभर एका जागी बसवत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मी खाली बघून पट्टी बांधली. मग आत गेलो आणि रजिस्टरात इंग्रजीत लिहून टाकलं की रोग्यानं पाय हलवल्यामुळे नारू तुटला. डॉक्टरांनी खाली सही केली. दुसऱ्या दिवशी साहेब आले, वरांडा स्वच्छ आहे म्हणाले आणि गेले.

तिचा पाय मांडीपर्यंत सुजला. डॉक्टरांनी दोनदा कापून पू काढला. ताप महिनाभर हटला नाही. ती जगते की जाते अशी वेळ आली तेव्हा मी मारुतीला नारळ बोललो, पण खरं काय ते डॉक्टरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फार काय झालं असतं? ओरडले असते. नोकरी काही जात नव्हती. हे मला तेव्हाही कळत होतं. ती वाचली, पण गुडघा जो दुमडला तो दुमडलाच. काठी घेऊन कशीबशी चालायची. निंदणाला जाता येईना, चुलीपाशी बसता येईना. पुढच्या उन्हाळ्यात नवऱ्यानं दुसरी बायको आणल्याचं कानावर आलं. त्या खेड्याचे रोगी सांगायचे की तिनं आपल्या हातानं आपलं वाटोळं केलं, पाय हलवला ना. माझंच वाक्य गावभर फिरून माझ्याकडे परत यायचं आणि मी त्यांना खोकल्याचं औषध ओतून द्यायचो.

तिसऱ्या वैशाखात डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात आली. वरांड्यात नारूवाले होते, पण त्या खेड्यातलं एकही माणूस नव्हतं. लोक दुसरीकडे जातात की काय ते बघून ये म्हणून त्यांनी मला पाठवलं.

बारवेच्या तोंडाशी ती बसलेली होती, दुमडलेला पाय बाजूला काढून. शेजारी मोडक्या चाळण्यांची कडी आणि त्यांवर ताणून शिवलेलं जुन्या लुगड्याचं चौपदरी कापड. वर येणारी प्रत्येक बाई रिकाम्या घागरीवर ते कडं बसवायची, पाणी त्यातून ओतायची आणि मगच घरी न्यायची. ज्याच्या पायाला फोड, त्याला ती पायरी उतरू द्यायची नाही. त्याची घागर दुसऱ्यानं भरायची. माझ्यासमोरच एका दांडग्या गड्याला तिनं काठी आडवी घातली. तो चरफडला, पण थांबला.

हे कसं सुचलं ते तिनं सरळ सांगितलं, जणू मी कोणी परकाच होतो. खाली उतरता येईना, म्हणून दिवसभर वर बसून बघत राह्यली. फोडाचे पाय पाण्यात जातात, तेच पाणी घरोघर जाते. गावात एक जैनाचं घर, ते धर्म म्हणून पाणी गाळून पितात. त्या घरात तिनं कधी नारू पाह्यला नव्हता. मग तिनं गाळायला घेतलं. पण एका हातात काठी, कापड दोन्ही हातांनी धरता येईना, म्हणून चाळणीचं कडं. पहिल्या वर्षी लोक हसले, कारण गाळूनही त्या उन्हाळ्यात नारू निघालेच. लंगडीचे चाळे म्हणाले. तरी ती रोज येऊन बसली. आधीच पोटात गेलेला नारू बाहेर यायला वर्ष घेतो, हे डॉक्टरांनी मला पुस्तकातून दाखवलं ते नंतर. तिला पुस्तक कुठलं? ती नुसती धीर धरून बसली होती.

मी परत येऊन सांगितलं तेव्हा डॉक्टर खुर्चीतून उठलेच. लगेच बुलढाण्याला लिहायचं ठरलं. मसुदा मी केला, चाळणीचं चित्र मी काढलं. आणि मसुद्यात मी लिहिलं की दवाखान्याच्या सूचनेवरून गावकऱ्यांनी हा उपाय केला. तिचं नाव घातलं असतं तर तिचा पाय आला असता, आणि पाय आला की मी आलो. एक खोटं झाकायला दुसरं. सरकारातून हुकूम निघाला, तालुकाभर तशा चाळण्या झाल्या आणि लोक त्यांना दवाखान्याची चाळणी म्हणायला लागले.

मग ते सर्जनसाहेब स्वतः ती बारव बघायला आले. पाटील, गावकरी, तिचा नवरा, सासू, सवत, सगळे जमले. साहेबाला मराठी मोडकंतोडकं यायचं, पण वऱ्हाडी डोक्यावरून जायची, म्हणून मधे मी. साहेबानं चाळणी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली, खूश झाला. मग त्याची नजर तिच्या गुडघ्यावर गेली आणि त्यानं विचारलं की हा पाय असा कशानं झाला. मी तिला विचारलं.

ती हळूच म्हणाली, “ते तुमालेच ठाऊक हाये, भाऊ. तुमीच सांगा साहेबाले. मराठीत बी सांगा, माही सासू हाये इथं.”

तिला चाळणीचं नाव नको होतं, साहेबाची शाबासकी नको होती. एवढंच हवं होतं. तोंड उघडायची देर होती. सासू पदर सावरून पुढे झाली होती. मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, पाय हलल्यामुळे नारू तुटला. मग तेच मराठीत सांगितलं. सासूनं मान डोलावली. नवरा खाली बघत राहिला.

“बरं,” ती म्हणाली, आणि पुढच्या बाईची घागर जवळ ओढली.

त्या वर्षाअखेर माझी बढती होऊन बुलढाण्याला बदली झाली. सर्जनसाहेबांनी शाबासकीचं पत्र दिलं. बायकोनं ते चौकटीत लावलं. मी ते दोनदा काढून ठेवलं, तिनं दोनदा पुन्हा लावलं. तिला काय सांगणार होतो? घरात पाणी मात्र मी चौपदरी कापडातून गाळूनच प्यायलो, आणि प्रत्येक वेळी ती आठवायची.

पुढे किती वर्षं गेली! केस पिकले, मुलीचं लग्न झालं. एकदा देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेला म्हणून निघालो आणि वाटेत त्या खेड्याच्या फाट्यावर उतरलो. उतरायचं आधी ठरवलं नव्हतं. बारव सरकारनं बुजवली होती, तिथं कठडा बांधलेली विहीर होती. ती घरीच होती, अंगणात तुरी निवडत. तिनं मला ओळखलं. सवतीनं घोंगडी टाकली. मी बसलोसुद्धा नाही.

म्हणालो, “बाई, तुझा पाय हलला नव्हता. नारू मी ओढला.”

तिनं तुरीतला खडा काढून बाजूला टाकला.

“हे मले काऊन सांगता?” ती म्हणाली. “मले तं ठाऊकच हाये.”

मला रडू आलं. म्हातारपणी माणूस असा उभ्या-उभ्या रडलेला बरा दिसत नाही, पण आवरेना. तिनं रडू दिलं. मग म्हणाली की नवरा गेला, त्याला ठाऊक नव्हतं. सासू गेली. मरायच्या दिवशी हात धरून म्हणाली, पोरी, तुनं पाय हलवला नसता तं तुहं सोनं झालं असतं. मायेनं म्हणाली. शेवटी शेवटी सासू जीव लावायची. तिचा काय दोष, ती तुमचं ऐकून होती.

मी हात जोडले आणि विचारलं की आता मी काय करू. तिनं सूप झटकलं, काठी घेतली, उठली. सवतीला पाणी आणायला सांगितलं. तांब्या भरताना त्यावर तेच चाळणीचं कडं बसवलेलं मी पाहिलं.

“ज्याले ठाऊक नाई, त्याले सांगा,” ती म्हणाली.

तुम्हाला ठाऊक नव्हतं. पाय तिनं हलवला नव्हता. नारू मी ओढला, आणि ती चाळणी तिची आहे.