रेडकाचं शेवटचं चित्र

"आता काय व्हायला नको?" असं विचारून बाई मान तिरकी करून थांबायच्या. गोष्ट सांगताना आपण मुलांना विचारतो, पुढे काय होईल. ह्यांचं सगळं उलटं.

बाई जपानी. लहान मुलांची पुस्तकं लिहायच्या, चित्रंही स्वतःच काढायच्या. नवरा मेट्रोच्या कामावर इंजिनिअर, म्हणून तीन वर्षं मरोळला आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहिल्या. मी सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी मुलांचं वाचनालय चालवते. एका रविवारी पांढऱ्या केसांवर पिवळी गवती टोपी आणि काखेत छोट्या दारांची लाकडी चौकट अशा ह्या दारात उभ्या. "मी गोष्ट दाखवू?" मराठी वॉचमनकडून शिकलेलं, त्यामुळे मुलांना थेट "ए, सरक ना" म्हणायच्या. मुलं त्यांच्यावर फिदा.

चौकटीत पुठ्ठ्यावरची चित्रं एकामागे एक. पुढचं बाजूला ओढलं की मागचं दिसतं. मुलं चित्राकडे बघायची आणि बाई मुलांकडे. कुठल्या चित्राला कोण नाक खाजवतं, हे त्या पेन्सिलीने टिपून ठेवायच्या. पुढच्या रविवारी ते चित्र गायब.

"अहो, किती सुंदर होतं ते," मी एकदा हळहळले.

"सुंदर. पण चिन्मय खिडकीकडे बघत होता."

मग त्यांना आरेच्या तबेल्यांचं वेड लागलं. टोपी चढवून बसने जायच्या आणि दुपारभर म्हशींपाशी बसायच्या. तिथल्या एका रेडकावर त्यांचा जीव जडला. शेपटीने माश्या हाकायला शिकणाऱ्या रेडकाची गोष्ट आमच्या हॉलमध्ये रंगायला लागली. एक दिवस मात्र बाई तबेल्यातून लवकरच परतल्या. रेडकू नर. दूध देणार नाही, मग त्याला पोसणार कोण? ट्रक येऊन घेऊन गेला होता.

"गोष्टीत त्याला जंगलात पळू द्या की," मी म्हटलं. "लहान मुलं आहेत."

"मुलांना खोटं नको," त्या म्हणाल्या आणि ट्रकचं चित्र काढायला बसल्या. मला त्यांचा रागच आला.

रविवारी तेवढं एकच चित्र दाखवायचं उरलं. "आता काय व्हायला नको?"

पुढे बसलेली सई म्हणाली, "त्याला एकट्याला कुठे पाठवायला नको."

बाईंचा हात पुढच्या चित्राच्या कडेवर तसाच राहिला. मग त्यांनी चौकटीची दारं लावून घेतली. "ओढवत नाही ना," मला हळूच म्हणाल्या. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

जपानला परत जाताना चौकट चित्रांसकट मला देऊन गेल्या. त्यांच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असायचा: शेवटचं चित्र दाखवलं का? मी कळवायचे, नाही. ट्रक येण्याआधीच मी गोष्ट संपवायचे. शहाणपणाच्या गोष्टी सांगणारी मी, पण ते चित्र एकदा बाहेर काढून बघायचाही मला धीर झाला नाही.

गेल्या महिन्यात पत्र आलं ते त्यांच्या नवऱ्याचं. बाई गेल्या.

त्या रविवारी मी त्याच्या पुढचं चित्र बाजूला ओढलं. ट्रक होताच. मागच्या हौद्यात रेडकू उभं होतं. त्याच्या शेजारी, गवताच्या पेंढीवर, पिवळी टोपी घातलेली एक म्हातारी बसली होती. तिच्यापुरता रंग जरा जाड होता, नंतर चढवलेला.

"ही आजी कुठे चाललीय?" एका मुलीने विचारलं.

मी चौकटीची दारं उघडीच ठेवली.

"त्याच्याबरोबर," मी म्हटलं.