पायरीवरची बाटली

“बाटली पायरीवर ठेव. अन् माघं सर.”

कामगारांच्या विमा दवाखान्यातला कंपाउंडर बाबांना दर वेळी हेच म्हणायचा. बाबा बाटली ठेवायचे. मागे सरायचे. तो उभ्याउभ्याच वरून लाल औषधाची धार सोडायचा. थोडं बाटलीत, थोडं पायरीवर. औषध गोड होतं. आम्ही वळायच्या आत मुंग्या लागायच्या.

बाकीचे कामगार बाटली खिडकीतून आत द्यायचे. आमची आत जात नव्हती.

बाबा अकोल्याच्या गिरणीत पिंजण खात्यात होते. तिथला कापूस त्यांच्या छातीत बसला होता. पगारातून विम्याची वर्गणी कापली जायची, तरी औषध फुकट मिळतं असंच बाबा सांगायचे. फार नम्रपणे सांगायचे. आम्ही धम्म घेतला त्याला काही वर्षं झाली होती. घरातले देव मोर्णा नदीत सोडले होते. पायरी सुटली नव्हती.

औषध किती घ्यायचं, हे कोणी सांगितलं नाही. बाबांनी विचारलं नाही. खोकला आला की बाटली तोंडाला. जास्त आला की जास्त.

एक दिवस ते यंत्रापाशी उभ्यानेच झोपले. हात थोडक्यात वाचला. विमा दवाखान्याने चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं. आई निंदणाला गेली होती. सोबत मी गेले. सातवीत होते.

तिथल्या डॉक्टरने बाटली उजेडाकडे धरली.

“किती पितोस रे हे?”

बाबांना सांगता येईना.

“दारू समजून पितोस काय? फुकटचं मिळालं की तुम्हा लोकांचं हे असं.”

“हो साहेब,” बाबा म्हणाले.

माझ्या बाबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते जमिनीकडे बघत होते. ‘तुम्ही याला औषध कसं घ्यायला सांगितलं?’ एवढं त्या डॉक्टरने विमा दवाखान्याला विचारलं असतं, तर पुरलं असतं. नाही विचारलं. छाती तपासायला बाबांना आत नेलं. मी बाकावर एकटी.

शेजारी एक माळीण बसली होती. सासूला घेऊन आली होती. तिच्याजवळही औषधाची बाटली होती. बाटलीवर कागदाची उभी पट्टी चिकटवलेली. पट्टीच्या कडेला कातरलेले खाचे.

“मावशी, हे काय आहे?”

“एका टायमाले एका खाच्याइतकं घ्याचं, बाई. कंपाउंडरच लावून देते. तुह्या बाटलीले काऊन नाई?”

“मले नाई मालूम.”

“राहता कुठी तुमी?”

मी वस्तीचं नाव सांगितलं. आपली बाटली उचलून तिने पलीकडच्या बाजूला ठेवली.

तेव्हा कळलं. पट्टी चिकटवायची तर बाटली हातात धरावी लागते.

पुढच्या वेळी बाबांची गिरणीत दिवसपाळी होती. मी एकटी गेले. पायरी चढले आणि बाटली खिडकीत ठेवली. आतल्या बाजूला, त्याच्या हाताजवळ.

“खाली ठेव.”

“नाई ठेवत. पट्टी लावून द्या.”

“मोठी आली मॅडम! खाली ठेव, नाई त निंग इथून.”

“आमचा विमा कापते. पट्टी लावून द्या.”

मागच्या रांगेत बाबांच्याच खात्यातले लोक होते. आमच्या वस्तीतलेही. एकही माणूस बोलला नाही. कोणी तरी हसलं. बाटलीवरचा हात मी काढला नाही.

आतून डॉक्टरचा आवाज आला. “लावून द्या हो. रांग खोळंबली.” त्याने बाहेर पाहिलंही नाही.

कंपाउंडरने दोन बोटांत बाटली धरली. भरली. पट्टी चिकटवली. मग माझ्यासमोर साबणाने हात धुतले. सावकाश. मी ते शेवटपर्यंत पाहिलं.

घरी बाबा खूश होतील असं वाटलं होतं. ते घाबरले.

“काऊन भांडली तू? उद्या त्यानं दवा बंद केली त?”

पुढच्या खेपेला मीही सोबत होते. खिडकीपाशी पोचताच बाबा वाकले आणि बाटली स्वतःहून पायरीवर ठेवली. कंपाउंडरने सांगितलंही नव्हतं. त्या वेळेइतकं एकटं मला पुढे कधीच वाटलं नाही. मी बाटली उचलली. खिडकीत ठेवली. बाबा माझ्याकडे बघेनात.

त्यांनी त्याच पगारातून मला शिकवलं. अमरावतीला वसतिगृहात राहून मी पदवी घेतली, औषधांचं शिक्षण घेतलं. त्या विम्याच्या औषधावर बाबा पुढे बरीच वर्षं जगले. त्याची मी ऋणी आहे. मात्र बाबांनी त्याला फुकट म्हणायला नको होतं.

आज मी दुसऱ्या गावी अशाच एका दवाखान्यात औषधं देते. अजूनही एखादा म्हातारा कामगार सवयीने पायरीवर बाटली ठेवतो. मी ती तिथे भरत नाही. बाहेर येऊन उचलत नाही. “बाबा, ती उचला आणि इथं माझ्या हातात द्या,” एवढंच सांगते. तो उचलेपर्यंत थांबते. मागची रांग ओरडली तरी थांबते.

कोणाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं झालं, तर काय दिलं, किती दिलं, कसं घ्यायला सांगितलं, हे मी चिठ्ठीवर लिहिते. खाली माझी सही करते. तिथल्या डॉक्टरला काही विचारायचं असेल, तर त्याने मला विचारावं. माझ्या माणसाने मान खाली घालून ‘हो साहेब’ म्हणायचं नाही.