एका डब्याची पूर्ण गाडी

आमच्या भागात त्यांना सगळे एकडबे म्हणतात. नाव इतकं रुळलंय की नव्या पोस्टमननं पत्रपेटीवर तेच आडनाव म्हणून लिहून टाकलं, आणि त्यांनी ते खोडलं नाही.

एकतीस वर्षं ते आमच्या छोट्या रेल्वेमार्गाच्या शेवटच्या स्टेशनावर सांधेवाले होते. गाडी आली की इंजिन सोडवायचं, सांधा बदलून शेजारच्या रुळावरून फिरवायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं, आणि फोन उचलून मागच्या स्टेशनाला तीन शब्द सांगायचे: गाडी पूर्ण आली. पूर्ण म्हणजे शेवटच्या डब्यामागची लाल पाटी दिसली. वाटेत कुठे डबा सुटून राहिला नाही, याची तेवढीच खूण. आमच्या गाडीला डबाच एक. पहिला तोच, शेवटचाही तोच. तरी पाटी बघितल्याशिवाय त्यांनी कधी फोनला हात लावला नाही. स्टेशनमास्तर थट्टा करायचा, अहो, डबा सुटला असता तर इंजिन एकटंच आलं असतं, ते आंधळ्यालाही कळलं असतं. हे म्हणायचे, ते इंजिनाचं झालं, पाटीचं काय?

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बायको गेली. घरात उरले हे आणि मुलगी. मग त्यांनी मधल्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं, दोन टेबलांवर आडवं टाकलं आणि त्यावर आपलं स्टेशन उभं केलं. सत्त्याऐंशी पट लहान. डबा बरोबर एक वीत लांब. पुठ्ठ्याचा, पण पाच फुटांवरून बघणाऱ्याला तो लोखंडी वाटतो. खिडक्यांच्या काचा एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या. मुलगी शहरातल्या मोठ्या इस्पितळात नर्स आहे, ती टाकाऊ फिल्म आणते, हे धुऊन धुऊन त्यातली हाडं घालवतात. मागची लाल पाटी मसुरीच्या डाळीएवढी. एकतीस वर्षांत खरा डबा तीन वेळा बदलला, म्हणून यांनीही डबे चार केलेत. पण रुळावर एका वेळी एकच. बाकीचे तीन कपाटात, कारण रुळावरच्या डब्याच्या सालात ते नव्हते.

गावात असल्या छोट्या गाड्यांचा शौक असलेल्यांचं एक मंडळ आहे. अध्यक्ष चष्म्याच्या दुकानाचे मालक. त्यांच्याकडे गोल रुळावर बारा डब्यांची गाडी फिरते. एकडबे एकदा बघायला गेले आणि म्हणाले, छान आहे, पण इंजिन आपल्याच शेवटच्या डब्याला हुंगतंय. चष्मेवाल्यांना ते लागलं. तेव्हापासून दर प्रदर्शनाला त्यांचा एकच टोमणा, या वेळी तरी अख्खी गाडी आणा. हे एकच डबा आणतात, एका कोपऱ्यात मांडतात. लोक विचारतात, बाकीची कुठे राहिली? हे पाटीकडे बोट दाखवतात.

मी प्रवासी समितीचं काम करते. आठ वर्षं नोटिशी, अर्ज, सुनावण्या. शाळा सातवीत सुटली, कागद वाचायला मी भांडता भांडता शिकले आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणून पुढचं सांगताना थोडं जड जातं.

गेल्या वर्षी नोटीस लागली. अपुऱ्या भारामुळे आमची गाडी बंद करण्याचा प्रस्ताव. सकाळच्या फेरीचे सरासरी प्रवासी साठ, भार एकोणीस टक्के, किमान तीस हवा. एका महिन्यात सुनावणी.

आठवड्याभरानं मी एकडब्यांच्या घरी गेले. मुलगी पाळी संपवून नुकतीच आली होती, दारात बूट काढत होती. तिची पाळी सकाळी सातला सुरू होते. सहा दहाची गाडी बंद झाली की तिला इस्पितळ गाठायला दुसरं काही नाही. ती सरळ म्हणाली, ताई, मी शहरात खोली बघून ठेवली आहे. किल्लीही घेतलीय. एकडबे ब्रश धूत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "खिडकी आहे का गं खोलीला?"

"आहे. भिंतीकडे उघडते."

मुलगी गेली की त्या घरात एक माणूस आणि एक स्टेशन उरणार, हे मलाही दिसत होतं. त्यांनी तिला राहा म्हटलं नाही. ती ज्या कामाला जाते त्याचा त्यांना मान आहे.

मला वर्तमानपत्रासाठी फोटो हवा होता. डब्यात त्यांनी काडेपेटीच्या काड्यांची माणसं बसवलेली होतीच. मी म्हटलं, काका, अजून चाळीस लावा. दारात लोंबकळणारी, टपावर चढलेली. बघणाऱ्याच्या काळजात कळ आली पाहिजे.

"सकाळच्याला साठ असतात," ते म्हणाले. "बावन्न बसलेले, आठ उभे. एकसष्टावा मी लावणार नाही."

माझा पारा चढला. मी खूप बोलले. तुमचं खरेपण कवटाळून बसा, तोवर गाडी जाईल, पोरगी जाईल, मग मोजत बसा काड्या. हे बोलायला नको होतं. बोलता बोलता नोटीस त्यांच्यापुढे आपटली आणि म्हटलं, घ्या, त्यांच्याही कागदात साठच आहेत, खूश?

त्यांनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला.

"साठ बरोबर आहे," ते म्हणाले. "मग हे एकोणीस टक्के कशाचे?"

आठ दिवस तो कागद माझ्या पिशवीत होता. मी त्यावर दोन निवेदनं लिहिली होती, एक सभा घेतली होती, घोषणा दिल्या होत्या. हा प्रश्न मला पडला नव्हता.

मुलीनं औषधाच्या खोक्यावर गणित मांडलं. साठ म्हणजे एकोणीस टक्के, तर शंभर टक्के किती? तीनशे पंधराच्या आसपास. त्याला एका डब्याच्या बावन्न जागांनी भागलं. जवळजवळ सहा.

"बाबा, यांनी सहा डबे धरलेत."

छापील तक्त्यात गाडी सहा डब्यांची. कोणीतरी कारकुनानं आमचे साठ त्या रकान्यात टाकले, आणि खचाखच भरलेली गाडी कागदावर रिकामी झाली. कोणी वाईट हेतूनं केलेलं नाही. याचाच मला जास्त राग आला, कारण भांडायला माणूसच उरला नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी एकडब्यांनी मला एकच अट घातली, मी म्हणेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही. मी कबूल केलं. ते अवघड गेलं, पण पाळलं. मग ते चष्म्याच्या दुकानात गेले आणि पाच डबे उसने मागितले. चष्मेवाले म्हणे आधी हसले, मग कारण ऐकलं, मग डबे मऊ फडक्यात एकेक गुंडाळून स्वतःच घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी स्टेशन मांडलेल्या त्या दाराचं एक टोक त्यांनीच उचललं.

सुनावणी घेणारे साहेब सभ्य होते. त्यांनी गणित ऐकून घेतलं. म्हणाले, मान्य, पण तक्ता प्रमाण गाडीचा आहे. तुम्ही एकच डबा चालवता हा स्थानिक प्रश्न झाला. मार्गाची क्षमता सहा डब्यांचीच धरावी लागते. आज नाहीत, उद्या जोडता येतील.

माझे दात एकमेकांवर घासले गेले. एकडबे उठले.

"मग साहेब, जोडून बघू या."

दार टेबलावर आडवं झालं. दाराच्या एका टोकाला रूळ संपतो, तिथे टेकडी कापून बांधलेली दगडी भिंत. मग फलाट. मग इंजिन फिरवायचा शेजारचा रूळ, दोन्ही टोकांना सांधे. त्यापलीकडे ओढ्यावरचा अरुंद पूल. त्यांनी साहेबांना पट्टी दिली, स्टेशनाचा सरकारी नकाशा दिला, आणि कुठलंही माप ताडून बघा म्हणाले. साहेबांनी तीन ठिकाणी बघितलं. तिन्ही जुळली.

मग साहेबांनी स्वतःच्या हातानं सहा डबे जोडले आणि गाडी फलाटात आणली. इंजिन भिंतीपाशी थांबलं. शेवटचे दोन डबे पुलावर राहिले.

"आता इंजिन सोडवून मागच्या टोकाला न्या," एकडबे म्हणाले.

साहेबांनी इंजिन पुढे सरकवलं, भिंत आली. मागे घेतलं, डबे आले. शेजारच्या रुळाचे दोन्ही सांधे डब्यांखाली दाबले गेले होते. त्यांनी एकदा इंजिन बोटांनी उचलायला घेतलं आणि स्वतःच खाली ठेवलं. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, साहेब, खरं इंजिन जरा जड असतं. साहेबही हसले.

"किती मावतात?" त्यांनी विचारलं.

एकडब्यांनी दोन सांध्यांमध्ये वीत टेकवली. एक, दोन, आणि वर चार बोटं. "दोन. पण आजवर दिलाय एकच. सहा डब्यांची गाडी इथे एकदाच येऊ शकते, परत जाऊ शकत नाही."

मग त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आता बोला. पण बोलायला काही राहिलं नव्हतं. मी फक्त दुरुस्त आकडा लेखी मागितला.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. भार एकशे पंधरा टक्के. प्रस्ताव मागे. गर्दी पाहता गाडीला एक डबा वाढवण्यात येत आहे. समितीनं चौकात मला हार घातला, तो मी काढून ठेवला. मुलीनं खोलीची किल्ली परत केली, हे मला चष्मेवाल्यांकडून कळलं. बापलेकींनी दोघांनीही त्याचा विषय काढला नव्हता.

एकडबे मात्र कुरकुरत होते. एक डबा करायला चार महिने लागतात. पुठ्ठा तोच आता मिळत नाही. मी म्हटलं, काका, चष्मेवाल्यांचा एक घ्या की ठेवून. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

दुसरा डबा जोडला त्या दिवशी आम्ही दोघं फलाटावर होतो. गाडी आली. आमचे लोक टाळ्या वाजवत होते, हे त्यांच्यातून वाट काढत मागच्या टोकाला गेले. मुलगी नव्या डब्यातून उतरली. बाप गाडीच्या पाठीमागे वाकून उभा.

"बाबा, आली का पूर्ण?"

"आली," ते म्हणाले. "पण हिरवा रंग वेगळा आहे गं या डब्याचा. जुन्याहून गडद. मला परत मिसळावा लागणार."

आणि खिशातून कागद काढून त्यांनी तो लिहून घेतला.